माझं कल्चर कोणी खाल्लं?

प्रश्न ऐरोलीच्या एका एम.एस्सी.च्या विद्यार्थिनीचा आहे. तिच्याच शब्दांत, थोडा आखडून देते: "शुक्रवारी सकाळी बॅसिलस सबटिलिस या जिवाणूचं कल्चर (द्रवात वाढवलेले जिवाणू) शेकरवर, म्हणजे फ्लास्क सतत हलवणाऱ्या यंत्रावर, लावलं. अकराला ओडी (गढूळपणाचं माप) 0.8 होता, मस्त गढूळ. मग दुरुस्तीसाठी वीज गेली आणि शेकर थांबला. चारला वीज आली तेव्हा ब्रॉथ (जिवाणू वाढवायचा द्रव) जवळपास निवळला होता, आणि लूप (तारेचा छोटा फासा) बुडवून वर काढला तर शेंबडासारखी तार निघाली. एक सर म्हणाले फेज (जिवाणू फोडणारा विषाणू) आहे, दुसरे म्हणाले कंटॅमिनेशन (बाहेरचा जंतू शिरणं). सेमिनारसाठी वाचताना कळलं की जिवाणू स्वतःचीच भिंत तोडणारी एन्झाइम बनवतात, तीही वाढत असताना. कुठला शहाणा जीव असं करेल? आणि करतोच, तर मग पेनिसिलिन वेगळं काय करतं?"

अगं, तू माझ्या मुलीच्या वयाची असशील, म्हणून सरळ अगं-तुगंच करते. सव्वीस वर्षं हेच चाललंय माझं: आधी ठाण्यात हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, आता रबाळ्याला औषधांच्या कंपनीत क्यूसी मायक्रोला, म्हणजे मालाच्या जंतू-तपासणीला. तुझा फ्लास्क मी पाहिलेला नाही. पण तार निघाली हे वाचल्यावर माझा पहिला संशय फेजवर गेला नाही, कंटॅमिनेशनवर तर मुळीच नाही. कंटॅमिनेशननं ब्रॉथ गढूळ होतो, निवळत नाही. माझा संशय तुझ्या बॅसिलसवरच आहे, आणि त्याला बंद पडलेल्या शेकरची साथ.

ती तार म्हणजे डीएनए. पेशी फुटल्या की आतला डीएनए ब्रॉथमध्ये सांडतो आणि सगळं चिकट होतं. म्हणजे पेशी फुटल्या हे नक्की. कोणी फोडल्या, एवढाच प्रश्न आहे.

आधी भिंत. आमच्या लॅबमध्ये ऑटोक्लेव्हचा काटा 15 पाउंडावर गेला की नवी पोरं दोन पावलं मागे सरकतात. 15 पाउंड म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एक वातावरणदाब जास्त, घरच्या कुकरइतकाच. तुझ्या बॅसिलसच्या आत सुमारे 20 वातावरणदाब असतो. वीस कुकरांचा दाब एका पेशीत, आणि तो पेलायला फक्त एक जाळं. त्या जाळ्याचे लांब दोरे साखरेचे, एनॲसिटिलग्लुकोसामिन आणि एनॲसिटिलम्युरामिक आम्ल आलटून पालटून ओवलेले. दोऱ्यांना लटकलेल्या अमिनो आम्लांच्या छोट्या शेपट्या, आणि शेजारच्या दोऱ्यांच्या शेपट्या एकमेकींना टाके घालून जोडलेल्या. हे पेप्टिडोग्लायकॅन. गंमत अशी की जाळं तुकड्यातुकड्यांचं नसतं, सगळ्या पेशीभोवती मिळून एकच अखंड रेणू असतो. ई. कोलाय या दुसऱ्या जिवाणूत तो जेमतेम एक पदर जाडीचा, बॅसिलसमध्ये एकावर एक कितीतरी पदर.

आता सांग, अशा अखंड, ताणलेल्या पिशवीत असलेला जीव दुप्पट लांब कसा होणार? नवा दोरा घालायचा तर आधीचे टाके कुठेतरी सुटलेच पाहिजेत. न उसवता मोठं होता येत नाही. टाके उसवणारी ही एन्झाइम आत्मघाताची हत्यारं आहेत असं वाचून पोरांचा गोंधळ उडतो, कारण पुस्तकांत त्यांचं नाव ऑटोलायसिन असं छापलंय. नाव ठेवणाऱ्यांना ती पहिल्यांदा भेटली ती फुटलेल्या पेशींत, म्हणून स्वतःला विरघळवणारी. शिंप्याच्या ब्लेडला कोणी "कपडे फाडणारं यंत्र" म्हणावं तसं आहे हे.

शिंप्याचं उदाहरण उगाच नाही दिलं. जांभळी नाक्याजवळ आमचे शिंपीकाका आहेत, मी वीस वर्षं त्यांच्याकडेच ब्लाउज सैल करायला नेते (दरवर्षी, विचारू नकोस). त्यांच्यासमोर बसून एकदा नीट बघितलं. ब्लाउजच्या शिवणीत आत माया सोडलेली असते. काका आधी जुन्या टिपेच्या बाहेर, त्या मायेत, नवी टीप मारतात. ती पक्की झाली की मगच ब्लेडच्या टोकानं आतली जुनी टीप उसवतात. आधी उसवलं असतं तर दोन्ही कापडं सरकली असती. टिपा दोन्ही असताना ब्लाउज तेवढाच घट्ट राहतो. जुनी सुटली की एकदम सैल. जिवाणू वाढतो तो बहुतेक याच क्रमानं. जिवाणूंच्या भिंतीचे अभ्यासक आर्थर कॉख यांनी ही कल्पना मांडली तेव्हा सूत्रच असं होतं: आधी जोड, मग तोड. बॅसिलससारख्यांत नवे पदर आतून घातले जातात, ते सुरुवातीला सैल असतात. पेशी वाढते तसे ते बाहेर ढकलले जाऊन ताणले जातात, आणि सगळ्यात बाहेरचा जुना पदर ही एन्झाइम कापून टाकतात. सापानं कात टाकावी तसा. एका पिढीत जुन्या भिंतीचा निम्म्याच्या आसपास भाग असा ब्रॉथमध्ये झडून जातो. तू रोज जो ब्रॉथ फेकतेस त्यात तुझ्या बॅसिलसच्या कितीतरी काती असतात.

काय कापतात यावरून त्यांची नावं पडलीत, ती सेमिनारला लागतील म्हणून भराभर सांगते. साखरेचा दोरा कापणाऱ्यांत म्युरामिडेज, ग्लुकोसामिनिडेज आणि लायटिक ट्रान्सग्लायकोसिलेज. दोरा आणि शेपटी यांचा सांधा कापणारी अमिडेज. शेपटीतला किंवा दोन शेपट्यांमधला टाका कापणारी एंडोपेप्टिडेज. शेपटीचं शेवटचं टोक छाटणारी कार्बोक्सिपेप्टिडेज. आपल्या अश्रूंतलं आणि अंड्याच्या पांढऱ्यातलं लायसोझाइम यांच्यातलंच, म्युरामिडेज; फ्लेमिंगनं ते 1922 मध्ये जाहीर केलं, पेनिसिलिनच्या सहा वर्षं आधी. फरक एवढाच की ते दुसऱ्याच्या घरातून आलेलं ब्लेड आहे. जिवाणूचं स्वतःचं ब्लेड त्याच्या ताब्यात असतं. निदान असायला हवं.

ही यादी पाठ करून पोरं थांबतात आणि खरी गोष्ट तिथंच सुटते. एका जिवाणूकडे अशी किती एन्झाइम असतात? ई. कोलायकडे वीसहून जास्त. एक जीन काढून टाकलं तर बहुतेक वेळा काहीच होत नाही, कारण दुसरं कोणीतरी ते काम उचलतं. त्यामुळे कितीतरी वर्षं असं वाटत होतं की वाढीला ही एन्झाइम लागतात हे फक्त कागदावरचं तर्कशास्त्र आहे. ते प्रत्यक्षात दाखवण्यातला एक मोठा तुकडा आपल्याकडचा आहे. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत मंजुळा रेड्डी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी 2012 मध्ये ई. कोलायची तीन एंडोपेप्टिडेज दाखवली: मेपएस, मेपएम आणि मेपएच. तिघांपैकी एखादं नसलं तर चालतं. तिन्ही काढून घेतली की नवा दोरा भिंतीत शिरेनासा होतो आणि पेशी फुटते. नीट वाच पुन्हा. भिंत तोडणारी कात्री काढून घेतली म्हणून पेशी फुटली. मी तो पेपर पहिल्यांदा वाचला तेव्हा ट्रान्सहार्बरच्या गाडीत होते. रबाळं गेलं, घणसोलीला उतरून परत आले. पुढं त्याच गटानं दाखवलं की मेपएस पेशीत फार काळ टिकू दिलं जात नाही, एनएलपीआय नावाचं प्रथिन त्याला पकडून पीआरसी या प्रोटिएजच्या (प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमच्या) तोंडी देतं, आणि ते काही मिनिटांत संपतं. वापरून झालं की ब्लेड मोडायचं, खिशात ठेवायचं नाही. रेड्डी यांना 2019 चा इन्फोसिस पुरस्कार भिंतीवरच्या या कामासाठीच मिळाला. सेमिनारला हे जरूर सांग. आपल्याकडच्या पोरांना वाटतं की हे सगळं बाहेरच घडतं.

तुझ्या बॅसिलसची गोष्ट याच चालीची आहे, पण एक फसवी जागा आहे तिथं. त्याची एलवायटीसी आणि एलवायटीडी ही दोन एन्झाइम साध्या चाचणीत सगळ्यात जास्त दिसतात, वाढत्या पेशीतल्या मोजता येणाऱ्या तोडण्याच्या कामातला 95 टक्क्यांहून जास्त हिस्सा त्यांचा. आणि दोन्ही काढली तरी पोरगं मजेत वाढतं! याउलट एलवायटीई आणि सीडब्ल्यूएलओ ही दोन एवढी डोळ्यांत भरत नाहीत. त्यातलं कोणतंही एक पुरतं, पण दोन्ही गेली की बॅसिलस मरतो. लांब होण्याचं खरं काम ती करतात. तू झायमोग्राम (एन्झाइमचं काम जेलवर पट्ट्यांनी दाखवणारी चाचणी) करणार असशील तर हे लक्षात ठेव, कारण तिथं सगळ्यात ठळक पट्टा पाहून "हेच मुख्य" असं लिहिण्याचा मोह प्रत्येकाला होतो. मलाही झाला होता, आणि व्हायव्हाला तोंडावर पडले होते.

झायमोग्राम केला नसशील तर एकदा कर, फार देखणा प्रकार आहे. जेल ओतताना त्यातच उष्णतेनं मारलेल्या मायक्रोकॉकस या जिवाणूच्या पेशी मिसळायच्या, त्यामुळे जेल ताकासारखं दिसतं. प्रथिनं चालवली की ट्रायटन (सौम्य साबण) घातलेल्या बफरमध्ये ते धूत राहायचं, म्हणजे एसडीएस (प्रथिनांची घडी उलगडणारा साबण) निघून जातं आणि एन्झाइम पुन्हा घडी घेतात. रात्रभर 37 अंशांवर. सकाळी मेथिलीन ब्लू टाकलं की सगळं जेल निळं होतं, फक्त जिथं एन्झाइम बसलंय आणि त्यानं आजूबाजूच्या पेशी खाल्ल्यात तिथं निळ्यात स्वच्छ काचेसारखी खिडकी. पहिल्यांदा ती खिडकी दिसली तेव्हा मी सगळ्या लॅबला गोळा केलं होतं.

वाढीखेरीज दुसरं काम म्हणजे वाटण्या. पेशी विभागली तरी दोघी बहिणी मधल्या सामायिक भिंतीनं चिकटलेल्या राहतात. ती भिंत मधोमध उभी चिरणारं कोणीतरी लागतं. बॅसिलसमध्ये हे काम बिघडलं तर लांबच लांब साखळ्या दिसतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियसमध्ये एटीएल नावाचं एकच एन्झाइम अमिडेज आणि ग्लुकोसामिनिडेज दोन्ही आहे. त्याच्याविना पोरं सुटी होत नाहीत, गठ्ठे राहतात. स्टॅफचं विभाजन वेगवान कॅमेऱ्यानं टिपलं तेव्हा असं दिसलं की एन्झाइम फक्त कडेनं भिंत कुरतडून कमजोर करतं, आणि मग आतल्या दाबानंच काही मिलिसेकंदांत तडा जातो. शेंगदाण्याचं टरफल बोटानं दाबल्यावर टचकन उघडावं तसं.

आता मुद्द्यावर: 20 वातावरणदाबाच्या पिशवीत ब्लेडं घेऊन हिंडणारी एन्झाइम एरवी गप्प का बसतात? कुलपं अनेक आहेत. काही एन्झाइम कोणी हात धरून चालू केल्याशिवाय कामच करत नाहीत, ई. कोलायमध्ये अमिडेजला ईएनव्हीसी किंवा एनएलपीडी नावाची प्रथिनं विभाजनाच्या जागी नेऊन जागं करतात. बॅसिलसमध्ये सीडब्ल्यूएलओला एफटीएसईएक्स या प्रथिनांच्या जोडीचा इशारा लागतो. भिंतीतली टायकोइक आम्लं काहींना विशिष्ट जागीच बसू देतात. आणि एक कुलूप असं आहे की ते वाचून तुझा शेकर डोळ्यांसमोर येईल.

जिवंत, श्वास घेणारी बॅसिलसची पेशी सतत प्रोटॉन बाहेर फेकत असते. ते बाहेर पडले की लगेच ब्रॉथमध्ये मिसळत नाहीत, भिंतीच्या जाळीत थोडे रेंगाळतात. त्यामुळे भिंतीचा आतला भाग बाहेरच्या ब्रॉथपेक्षा आंबट राहतो, आणि त्या आंबटपणात ही एन्झाइम झोपलेली असतात. 1981 मध्ये जॉलिफ, डॉयल आणि स्ट्रीप्स यांनी दाखवलं की पेशीच्या पडद्यावरची ही ऊर्जा विषानं किंवा अन्य मार्गानं मोडली की बॅसिलस स्वतःहून विरघळू लागतो. आता तुझा फ्लास्क बघ. ओडी 0.8, पेशी भराभर वाढतायत, ऑक्सिजन ढसाढसा पितायत. शेकर थांबला. ब्रॉथमध्ये विरघळलेला ऑक्सिजन इतक्या दाट कल्चरला काही मिनिटंही पुरत नाही. बॅसिलस सबटिलिस ऑक्सिजनविना चालूच शकत नाही असं नाही, नायट्रेट वगैरे असेल तर निभावतो, पण अचानक श्वास कोंडला की तयारीला वेळ मिळत नाही. प्रोटॉन पंप ढेपाळतात, भिंतीतला आंबटपणा निघून जातो, कुलूप उघडतं. नवे टाके घालणाऱ्यांना ऊर्जा हवी, ती नाही. उसवणाऱ्यांना ऊर्जा लागतच नाही, पाणी असलं की झालं. पाच तासांत तू जे पाहिलंस ते पाहायला मिळतं.

आता पेनिसिलिन. पेनिसिलिन भिंत तोडतं असं गाइडांमध्ये सर्रास छापलेलं असतं, आणि मुलाखतीला आलेल्यांपैकी निम्मे मला तेच सांगतात. पेनिसिलिन एकही टाका तोडत नाही. ते टाके घालणाऱ्या एन्झाइमला, ट्रान्सपेप्टिडेजला, जाऊन चिकटतं. 1965 मध्ये टिपर आणि स्ट्रॉमिंजर यांनी त्याचं कारण सुचवलं: पेनिसिलिनचा आकार शेपटीच्या टोकाशी असलेल्या डी-ॲलनिन-डी-ॲलनिन या जोडीसारखा दिसतो, एन्झाइम फसतं. म्हणजे काकांच्या मशीनमधला दोराच संपला. तेवढ्यानं ब्लाउज फाटतो का? नाही. पण ब्लेड चालूच राहिलं तर फाटतो. म्हणून न वाढणाऱ्या पेशींना पेनिसिलिन फारसं काही करू शकत नाही, तिथं उसवणंही थांबलेलं असतं. 1948 मध्ये डेव्हिस आणि लेडरबर्ग या दोघांनी वेगवेगळं काम करून याचाच फायदा घेतला. किमान माध्यमात, म्हणजे कमीत कमी अन्नाच्या द्रवात, पेनिसिलिन घातलं की वाढू शकणारे मरतात आणि तिथं वाढू न शकणारे उपाशी म्यूटंट (जीन बदललेले) मागे उरतात, अलगद वेचून घ्यायचे. आणि 1956 मध्ये लेडरबर्गनं ई. कोलायला पेनिसिलिन दिलं, पण ब्रॉथमध्ये भरपूर साखर घालून. पेशी फुटल्या नाहीत, भिंत गेली तरी गोल फुग्यांसारख्या राहिल्या. बाहेरच्या साखरेनं आतला दाब तोलून धरला होता.

भिंत तोडणारी एन्झाइम कमी असतील तर? 1970 मध्ये रॉकफेलर विद्यापीठात टोमाझ आणि सहकाऱ्यांनी न्यूमोकॉकसचा (न्यूमोनिया करणाऱ्या जिवाणूचा) असा प्रकार दाखवला ज्याची ऑटोलायसिन दबलेली होती. पेनिसिलिननं तो वाढायचा थांबला, पण विरघळला नाही. याला टॉलरन्स म्हणतात, रेझिस्टन्सपेक्षा वेगळा. एमआयसी (वाढ थांबवणारी कमीत कमी मात्रा) तेवढीच, पण मारायला लागणारी मात्रा तिच्या 32 पटींहून वर. पण "पेनिसिलिन म्हणजे फक्त ब्लेडला मोकाट सोडणं" असं मी पंधरा वर्षांपूर्वी शिकवायचे तेही अर्धवट होतं. फुटणं आणि मरणं एकच नाही. मुख्य ऑटोलायसिन काढून टाकलेले न्यूमोकॉकसही पेनिसिलिनमध्ये मरतात, फक्त हळू आणि न विरघळता. 2014 मध्ये हार्वर्डच्या बर्नहार्ट यांच्या गटानं ई. कोलायमध्ये आणखी एक पदर उलगडला. टाका घालणारा हात अडकवला तरी दोरा विणणारा हात थांबत नाही. तो न जोडलेले दोरे काढत राहतो आणि एसएलटी नावाचं एन्झाइम ते दोरे लगोलग कापून फेकतं. विणायचं, कापायचं, विणायचं, कापायचं. पेशीचा माल त्यात खर्ची पडतो. आणि एसएलटी इथं खलनायक नाही, उलट चुकीचे दोरे भिंतीत शिरू नयेत म्हणून ते सफाई करत असतं.

हॉस्पिटलच्या दिवसांतली एक गोष्ट सांगते, कारण मी हा विषय पुस्तकातून नाही, एका फजितीतून शिकले. नवीन होते. ब्लड कल्चरची बाटली मशीननं पॉझिटिव्ह दाखवली, रविवार होता, मी ठरवलं सोमवारी सकाळी बघू. सोमवारी ग्रॅमच्या रंगानं रंगवलेल्या स्लाइडवर काही फिकट गुलाबी, भुतासारखे ठिपके दिसले, प्लेटवर काहीच उगवलं नाही. खोटं पॉझिटिव्ह म्हणून लिहिणार होते. आमच्या मॅडमनी स्लाइड पाहिली आणि एवढंच म्हणाल्या, "अगं, हा न्यूमोकॉकस होता. तू येईपर्यंत त्यानं स्वतःला खाल्लं." पेशंटला न्यूमोनियाच होता. तो बरा झाला, पण संवेदनशीलतेचा (कोणतं औषध लागू पडेल याचा) रिपोर्ट मी देऊ शकले नाही, हे अजून डाचतं. न्यूमोकॉकसचं एलवायटीए हे अमिडेज इतकं तयारीत बसलेलं असतं की वाढ थांबली की कल्चर विरघळायला लागतं. म्हणूनच त्याच्या जुन्या कॉलन्या मधोमध खचून कॅरमच्या सोंगट्यांना खळगा पाडावा तशा दिसतात. आणि ग्रॅम पॉझिटिव्ह, म्हणजे जांभळं दिसायला हवं असूनही जुनं कल्चर गुलाबी दिसतं, कारण जांभळा रंग धरून ठेवणारी भिंतच विरलेली असते. हे बॅसिलसचंही होतं; 24 तासांपेक्षा जुन्या प्लेटवरून ग्रॅम करून "ग्रॅम निगेटिव्ह रॉड" लिहिणारे दर बॅचला दोन तरी सापडतात.

ज्या खोडीनं मला फसवलं तिचाच आम्ही रोज उपयोग करायचो. न्यूमोकॉकस आणि तोंडातले इतर हिरवे स्ट्रेप्टोकॉकाय ब्लड आगारवर (रक्त घातलेल्या प्लेटवर) सारखेच दिसतात. कॉलनीवर 10 टक्के सोडियम डिऑक्सिकोलेटचा एक थेंब टाकायचा, प्लेट न हलवता इन्क्युबेटरमध्ये ठेवायची. दहा-पंधरा मिनिटांनी थेंब सुकतो तेव्हा कॉलनीच्या जागी नुसता हिरवट डाग उरलेला असतो. पित्तातल्या त्या क्षारानं कॉलनी विरघळवली असं दिसतं, पण खरं काम आतल्या एलवायटीएचं. क्षारानं फक्त कुलूप काढलं. शेजारची दुसऱ्या स्ट्रेप्टोची कॉलनी जशीच्या तशी. प्लेट तिरकी धरलीस आणि थेंबाबरोबर कॉलनी वाहून गेली तर चुकीचा रिपोर्ट देशील, ते मात्र सांभाळ.

जाता जाता एक, कारण क्लिनिकलला गेलीस तर लागेल. ई. कोलाय आणि त्याचे भाऊबंद कापलेल्या भिंतीचे तुकडे फेकून देत नाहीत, एएमपीजी नावाच्या दारानं आत ओढून पुन्हा वापरतात, भंगारवाल्याला लाजवतील असे. एंटेरोबॅक्टरसारख्यांनी त्या तुकड्यांच्या गर्दीलाच धोक्याची घंटा केलंय: तुकडे वाढले म्हणजे कोणीतरी भिंतीवर हल्ला केलाय, काढा बीटालॅक्टमेज (पेनिसिलिनच्या जातीची औषधं तोडणारं एन्झाइम). म्हणून प्लेटवर सेफॉक्सिटिन या औषधाच्या डिस्कशेजारी सेफ्टाझिडीम या दुसऱ्या औषधाची डिस्क ठेवली की सेफ्टाझिडीमचा झोन (जंतू न उगवलेलं वर्तुळ) त्या बाजूनं चपटा होतो. ती चपटी कड म्हणजे भिंतीच्या तुकड्यांनी पोचवलेला निरोप.

तर तुझा फ्लास्क. फेज नाहीच असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. उलट, तुझा स्ट्रेन (बॅसिलसचा वाण) 168 असेल तर त्याच्या जीनोममध्ये पीबीएसएक्स नावाचा अर्धवट फेज मुळातच बसलेला आहे, तोही पेशी फोडतो, पण त्याचे कण त्याच स्ट्रेनवर प्लाक (जिवाणूंच्या थरातले स्वच्छ गोल) करत नाहीत. म्हणून दोन गोष्टी वेगवेगळ्या तपास.

पहिली: तेच कल्चर नव्यानं 0.8 पर्यंत वाढव आणि तीन फ्लास्कमध्ये वाट. एक शेकरवर, एक टेबलावर तसाच, एक टेबलावरच पण झाकणातून निर्जंतुक हवा बुडबुडे करून सोडलेला. ओडी दर वीस मिनिटांनी, तीन-चार तास. तिसऱ्यात घुसळण नाही पण हवा आहे. तो टिकला आणि दुसरा निवळला तर कारण हवाच. बुडबुड्यांची सोय नसेल तर रुंद फ्लास्कमध्ये पातळ थर घे, तेवढंही खूप सांगून जातं. दर वाचनाला एक थेंब स्लाइडवर बघ. निवळताना भुतासारख्या रिकाम्या पेशी दिसतील, चमकणारे बीजाणू दिसले तर मात्र वेगळी गोष्ट आहे: बीजाणू तयार झाल्यावर आईपेशी स्वतःला फोडते, तेही याच कुटुंबातल्या एन्झाइमनी. पण पाच तासांत आणि 0.8 ओडीला तसं व्हायला नको.

दुसरी: निवळलेला ब्रॉथ सेंट्रिफ्यूज करून 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळ. फिल्टर तुंबला तर घाबरू नकोस, तोच डीएनए. थोडं डीएनएज घातलंस की गाळणं सोपं जातं. गाळलेल्याचे दहाच्या पटीत पातळ केलेले थेंब तुझ्याच बॅसिलसच्या ताज्या लॉनवर (प्लेटवर उगवलेल्या सलग थरावर) टाक. यात एक खोच आहे: गाळलेल्या ब्रॉथमध्ये सुटी ऑटोलायसिनही असतात, पहिला दाट थेंब लॉनवर हलकी खिडकी पाडू शकतो. एन्झाइमचा परिणाम पातळ करत गेलीस की धूसर होत संपतो. फेज असेल तर पातळ करता करता एका टप्प्यावर सुटे सुटे, मोजता येणारे गोल दिसतात. सरांना ती पातळ केलेली ओळ दाखव, पहिला थेंब नको.

आणि सुटे गोल दिसलेच, तर माझा सगळा तर्क चुकला म्हणून हळहळू नकोस. एक गोल निर्जंतुक टूथपिकनं उचलून थोड्या बफरमध्ये सोड, नळीवर तारीख घाल आणि फ्रीजमध्ये 4 अंशांना ठेव. फ्रीझरमध्ये नको. बॅसिलसचा फेज घरबसल्या हाती लागणं काही रोजचं नाही, आणि त्याचं भिंत कापणारं ब्लेड कसलं आहे ते आपण एकदा झायमोग्रामवर बघू. जेल माझ्याकडे ओतू, मायक्रोकॉकस आमच्याकडे आहे.